शिकते का नोकरी करते?

दिंडोरी तालुक्यातल्या एका लग्नात पंगत उठल्यावर माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला मांडवाच्या कडेला गाठलं. द्राक्षबागायतदार माणूस, साडेतीन एकर बाग, बोलणं मोजकं. "सर, एक विचारू का? आमची पोरगी आता शिकते का नोकरी करते?"

मी म्हटलं, "नाना, ती परदेशात पोस्टडॉक करते."

"ते तिनं पण सांगितलं. बी.एस्सी. झाली, तुमच्याकडं एम.एस्सी. झाली, मग पीएच.डी. झाली, आम्ही गावात पेढे वाटले. आता तेहेतिसावं लागलं. स्थळं येतात ती विचारतात, पगार किती, पर्मनंट आहे का? मी काय सांगू त्यांना?"

नाशिकच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. वाकड्या प्रश्नांची उत्तरं पोरांना सांगण्यात हयात गेली, आणि हा सरळ प्रश्न काही मला सुटला नाही. "दोन्ही करते" असं पुटपुटून मी हात धुवायला गेलो. परतताना म्हसरूळला सिग्नलला थांबलो तेव्हा वाटलं, उत्तर येत नाही यात माझा दोष थोडाच आहे. पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी. झालेल्या आणि प्रयोगशाळेत रोज दहा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला, विद्यार्थी धरायचं की कर्मचारी, हे आपण देश म्हणून ठरवलेलंच नाही. याची झळ त्या मुलीच्या घरापुरती राहत नाही. कॅन्सरवरचे सगळ्यात नवे उपचार आपल्याकडे उशिरा येतात, महाग येतात, आणि आपल्या लोकांना जो कॅन्सर होतो त्यावर चालतीलच असं नसतं. त्याचं एक मोठं कारण या न ठरवण्यात आहे, असं माझं म्हणणं आहे.

ती काय करते ते आधी सांगतो. टी-पेशी ही रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधली एक जात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे त्या तयार होऊन बाहेर पडतात, म्हणून 'टी'. विषाणू शिरलेली पेशी ओळखायची आणि मारायची, हे त्यांचं काम. कॅन्सरची पेशी मात्र परकी नसते. ती आपल्याच घरातली, वाया गेलेली. त्यामुळे बऱ्याचदा टी-पेशींची नजर तिच्यावरून घसरते. ही नजर बाहेरून बसवता येईल का, असा तो प्रश्न.

हे नानांना द्राक्षाच्या भाषेत सांगितलं असतं तर पटकन कळलं असतं. नाशिकात डॉगरीजचा जंगली खुंट आधी जमिनीत लावतात, कारण त्याची मुळं खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसतात. मग त्यावर थॉमसनची काडी कलम करतात, कारण बाजारात चालणारा घड तिचा. १९८९ साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार आणि सहकाऱ्यांनी असंच एक कलम जनुकांच्या पातळीवर केलं. प्रतिपिंडाला, म्हणजे अँटीबॉडीला, खूण अचूक धरता येते. टी-पेशीला अचूक मारता येतं. त्यांनी प्रतिपिंडाची पकड वर ठेवली आणि खाली टी-पेशीची यंत्रणा जोडली. सिंह, बकरी आणि साप यांचा मिळून झालेला कायमेरा नावाचा प्राणी ग्रीक पुराणात आहे, त्यावरून या जोडणीला 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर' म्हणतात. त्याचं आद्याक्षरी रूप 'कार', आणि अशा टी-पेशींच्या उपचाराचं नाव कार-टी. बारसं आपल्याकडे झालं असतं तर नरसिंह म्हटलं असतं.

उपचार असा चालतो. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. वाढू न शकणाऱ्या, खच्ची केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून नवं जनुक टी-पेशींत पोचवतात. पेशी वाढवतात, तपासतात, गोठवतात. मग रुग्णाला थोडी किमो देऊन शरीरात जागा करतात आणि सलाईनसारखी एक पिशवी लावतात. ती पिशवी दुसऱ्या कुणालाही चालत नाही. गोळ्यांसारखं हे औषध एका घाण्यातून लाखांनी निघत नाही, प्रत्येक रुग्णाचं वेगळं शिजवावं लागतं.

१९८९ चं कलम बसलं खरं, पण त्याला फुटवा येईना. त्या पेशी शरीरात टिकत नव्हत्या. टी-पेशीला खूण दिसणं पुरत नाही, 'चल, आता वाढ' असा दुसरा इशाराही लागतो. तो त्याच कलमात बसवणं, कोणता इशारा चालतो ते शोधणं, उंदरांवर आणि मग माणसांवर करून पाहणं, यात वर्षं गेली. २०१२ साली फिलाडेल्फियात ल्युकेमियाच्या एका सहा वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्या. तिला इतका ताप चढला की ती हातची जाते की काय असं झालं. तिच्या रक्तात आयएल-६ हे एक रसायन भरमसाट वाढलेलं आढळलं, आणि त्याला अडवणारं संधिवाताचं एक औषध हाताशी होतं म्हणून ती वाचली. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने या उपचाराला पहिली मान्यता दिली. किंमत ४,७५,००० डॉलर, आजच्या भावाने चार कोटींच्या आसपास.

म्हणजे अठ्ठावीस वर्षं. या वर्षांचा इतिहास सांगताना आपण एशहार, फिलाडेल्फियाच्या उपचारामागचे कार्ल जून अशी चार-पाच नावं घेतो. शोधनिबंध उघडून पाहिले तर लेखकांच्या यादीत पुढे उभी असलेली नावं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची असतात: पीएच.डी. करणारे, पोस्टडॉक. आपल्याकडेही तेच. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत जी कार तयार झाली, तिच्यात उंदराच्या प्रतिपिंडाचा भाग माणसाच्या प्रतिपिंडासारखा करून घेतला होता. तिच्यावरचा २०२१ चा निबंध पाहा, पहिलं नाव विद्यार्थिनीचं आहे. ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. माणसांवरच्या त्या चाचणीसाठी केंद्र सरकारने १९.१५ कोटी रुपये दिले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी परवानगी दिली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नेक्सकार-१९ चं लोकार्पण झालं. किंमत ४० लाखांच्या घरात. चार कोटींच्या जागी चाळीस लाख, हे कौतुकाचंच आहे. कारखाना इथे टाकला म्हणून किंमत उतरली असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. तेही खरं. पण कलम बांधायला येणारे हात आधी इथे होते. स्वतः पुरवार परदेशात पोस्टडॉक करून परतलेले.

हातांबद्दल जरा रेंगाळतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. माझ्या विद्यार्थिनीला रविवारी सकाळी फोन करा, ती प्रयोगशाळेत असते. पेशींना रविवार नसतो. दोन दिवस खाद्य बदललं नाही तर त्या गुदमरतात, फार वेळा बदललं तर वाढीचे इशारे वाहून जातात. एका माणसाच्या रक्तातल्या पेशी दहा दिवसांत पन्नासपट होतात आणि दुसऱ्याच्या, तोच डबा, तेच खाद्य, तोच हात असून, निम्म्यावर येतात. आधी किमोचे चार-सहा डोस घेतलेल्या रुग्णाच्या पेशी थकलेल्याच येतात. कधी किती विषाणू घालायचा, डब्याखालचं चित्र बघून 'या पेशी आज आजारी दिसतात' हे कसं ओळखायचं, हे निबंधात लिहिलेलं नसतं. असलं तरी वाचून जमत नाही. कलम बांधणारी टोळी आमच्याकडे बागेत येते तेव्हा बागायतदार त्यांना चहा देऊन, मर्जी सांभाळून ठेवतो, कारण चाकूचा काप तिरका गेला की वर्ष गेलं. ती टोळी पदवीधर नाही, पण तिची किंमत गावाला माहीत आहे. पेशी सांभाळणाऱ्या हाताला अशी सफाई यायला पाचेक वर्षं लागतात. आणि पाच वर्षांनी, नेमका हात बसला तेव्हा, आपण त्याला सांगतो की प्रकल्पाची मुदत संपली.

भारतात पीएच.डी. नंतरच्या या माणसाला बहुधा 'रिसर्च असोसिएट' म्हणतात. केंद्राने २०२३ पासून ठरवलेला दर दरमहा ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये, तीन पायऱ्यांनी, घरभाडं वेगळं. रक्कम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. नाशिकात या पैशांत संसार होतो. वाईट आहे ते तिचं नाव. तिला पगार म्हणत नाहीत, फेलोशिप म्हणतात, आणि नावाप्रमाणे ती वागते. प्रकल्पाच्या मुदतीला बांधलेली. पीएफ नाही, ज्येष्ठता नाही, बँकेत गृहकर्ज मागायला गेलं की साहेब कागद उलटसुलट करून बघतात. पुढचा हप्ता वरून सुटला नाही की महिनेच्या महिने कोरडे जातात आणि मग एकदम थकबाकी येते, जणू उसाचं बिल. मुलगी असेल तर नेमकी हीच वर्षं लग्नाची आणि बाळंतपणाची. मुलाच्या बापाला हाच प्रश्न विचारतात, फक्त चार वर्षं उशिरा.

परदेशात सगळं आलबेल आहे असंही नाही. अमेरिकेत आरोग्य संशोधनाच्या सरकारी दरानुसार २०२४ साली नव्या पोस्टडॉकला वर्षाला किमान ६१,००८ डॉलर होते, आणि बोस्टनसारख्या शहरात त्यातले निम्मे भाड्यात जातात. तिथेही जागा तात्पुरतीच. कोविडच्या लशींमागचं आरएनएचं काम करणाऱ्या कातालिन कारिको यांना १९९५ साली त्यांच्या विद्यापीठाने खालच्या पदावर आणलं होतं, त्याच कामासाठी त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं. २०२५ च्या नोबेलमधल्या मेरी ब्रंको यांनी प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी-पेशींमागचं जनुक शोधायला हातभार लावला, आणि पुढे त्या प्राध्यापक वगैरे झाल्या नाहीत. एका संस्थेत प्रकल्पांचं व्यवस्थापन करतात. तेव्हा तिकडची घडी उचलून इकडे आणावी असं मी सुचवत नाही.

तिकडे बघायची गरजही नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईत वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. केली. खानोलकरांनी त्यांना बाहेर जायला लावलं. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, जिथे हेला, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशी, वाढल्या तिथे, त्या पेशी वाढवायची विद्या शिकल्या. आजच्या भाषेत पोस्टडॉकच. त्या परत आल्या तेव्हा मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांना संशोधन अधिकाऱ्याची जागा मिळाली, आणि त्यांनी तिथे पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, भारतातली पहिली. त्याच परंपरेतून पुढे खारघरचं केंद्र आलं, ज्याच्या संचालक राहिलेल्या शुभदा चिपळूणकर यांनी तोंडाच्या कॅन्सरमधल्या गॅमा-डेल्टा या टी-पेशींच्या एका पोटजातीवर वर्षानुवर्षं काम केलं. यात चमत्कार कुठे नाही. एका मुलीला शिकायला पाठवलं आणि परतल्यावर तिला खुर्ची दिली. स्वातंत्र्यानंतरच्या त्या कडकीच्या दिवसांत हे जमलं होतं.

आता माझ्या मित्राचा आक्षेप. तो जिल्ह्यात सरकारी डॉक्टर होता, आयुष्य प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेलं, त्यामुळे त्याचं बोलणं मी हलक्यात घेत नाही. तो म्हणतो, "तुझं कार-टी चाळीस लाखांचं. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख. सुरगाण्याच्या बाईच्या गर्भाशयमुखाची तपासणी करायला माणूस नाही आणि तू पेशींना खाऊ घालायला माणसं मागतोस. गुटखाबंदी २०१२ साली झाली, टपरीवर जाऊन बघ." तो जे सांगतो त्यातलं एक वाक्यही खोटं नाही. २०२२ मध्ये देशात कॅन्सरचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण झाले असा राष्ट्रीय नोंदणीचा अंदाज आहे. त्यातल्या फार थोड्यांना कार-टीचा उपयोग आहे, कारण आज तो चालतो रक्ताच्या काही कॅन्सरवर.

पण याच आक्षेपातून माझा मुद्दा जास्त पक्का होतो. टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी केली, २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. निवोलुमॅब हे औषध टी-पेशींचा ब्रेक सोडवतं. त्या ब्रेकच्या शोधाला २०१८ चं नोबेल आहे. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. यांनी दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम दिला, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, ते ४३.४ टक्के झालं. औषधाचा अठरावा हिस्सा वापरून! कमी औषधात भागतं का, हा प्रश्न औषध विकणारी कंपनी कशाला विचारेल? तो विचारायला सार्वजनिक पगारावरचा माणूस लागतो. माझ्या डॉक्टर मित्राला सुरगाण्यासाठी जे हवं आहे, ते अशाच माणसांकडून येणार आहे. तपासणी हवीच, गुटख्यावर धाडी हव्याच. मात्र ज्याला आज गाठ आली आहे त्याला 'तुझ्यावर प्रतिबंध करायला हवा होता' हे सांगून काय फायदा?

आणि आपल्याकडच्या गाठींचा प्रश्न आपल्याशिवाय कुणी सोडवणार नाही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये सीडी-१९ नावाची खूण धरतात. ती बी-पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर असते, आजारी आणि निरोगी दोन्हींवर. सगळ्या बी-पेशी मेल्या तरी माणूस प्रतिपिंडांची इंजेक्शनं घेऊन जगू शकतो, म्हणून हा सौदा परवडतो. गालाच्या आतल्या गाठीवर अशी खूण कुठली? जी तिथे असते ती निरोगी कातडीवर, फुप्फुसावर, आतड्यावरही थोडीथोडी असते. २०१० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली एक घटना आहे: आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णाला हर-२ ही खूण धरणाऱ्या टी-पेशी दिल्या, पंधरा मिनिटांत श्वास अडला, पाच दिवसांनी मृत्यू. फुप्फुसाच्या पेशींवर ती खूण जेमतेम होती, पण पेशींना तेवढी पुरली. यातून मार्ग काढायला लोक दोन खुणा एकदम दिसल्या तरच मारणारी कलमं करून बघतात, नाळेच्या रक्तातल्या एनके पेशी (मारेकरी पांढऱ्या पेशींची आणखी एक जात) वापरून बघतात. शिवाय घट्ट गाठीच्या आत प्राणवायू कमी, आम्ल जास्त, आणि टी-पेशींना गप्प करणारी रसायनं. आत शिरलेली पेशी थोड्या दिवसांत थकते. जिवंत असते, समोर शत्रू असतो, पण हात उचलत नाही. शास्त्रात याला थकवाच म्हणतात. माझी विद्यार्थिनी नेमकी यावर काम करते, आणि तिच्या टेबलावर येणाऱ्या गाठी आहेत त्वचेच्या, मेलानोमाच्या. तिथले रुग्ण तसे. गोऱ्या कातडीचा आणि उन्हाचा तो आजार. तंबाखू-चुन्याने तीस वर्षं भाजलेल्या गालातली टी-पेशी तशीच थकते का आणखी वेगळी, हे तिला बघायचं आहे. बघायला गाल इकडे आहेत, टेबल तिकडे.

इथे नाशिकचा संबंध येतो. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला गेलात तर प्लास्टिकच्या पिशवीत मोठे लिफाफे सांभाळून बसलेली माणसं दिसतात. दादरला उतरतात, परळला टाटात जातात, संध्याकाळी परततात किंवा गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर राहतात. अलीकडे बऱ्याच शस्त्रक्रिया नाशिकातच होऊ लागल्या. गालाची गाठ काढतात, तिचा काप पॅथॉलॉजीला जातो, उरलेला ऐवज पिवळ्या पिशवीतून जळायला जातो. त्या गाठीच्या आत शिरलेल्या टी-पेशी अजून जिवंत असतात. त्या काही तासांत वेगळ्या काढाव्या लागतात. गोठवून पाठवता येतं, पण ताज्याची सर नाही. कसाऱ्याचा घाट असो की समृद्धी, मुंबई लांबच. सकाळी तोडलेलं द्राक्ष दुपारच्या आत प्री-कूलिंगला गेलं पाहिजे हे या जिल्ह्यात शाळकरी पोराला कळतं. युरोपात जाणाऱ्या पेटीवरच्या नंबरावरून ती कुठल्या प्लॉटमधली हे शोधून काढणारी नोंदणी आमचे बागायतदार वर्षानुवर्षं पाळतात. रुग्णाच्या पेशी दुसऱ्याच्या नावावर जाऊ नयेत म्हणून कार-टीमध्ये हीच शिस्त लागते. नाशिकला हे शिकवावं लागणार नाही.

आणि राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच, म्हसरूळला आहे. लोकांच्या लेखी ते परीक्षा घेणारं आणि निकाल लावणारं कार्यालय. एवढ्या डॉक्टरांच्या पदव्यांवर ज्याचा शिक्का, त्याच्या आवारात पीएच.डी. झालेली दहा माणसं टी-पेशींवर काम करत बसली तर त्यात वावगं काय? इथे कार-टीचा कारखाना काढा असं मी म्हणत नाही. अशा घोषणा फार लवकर होतात, कोनशिला बसते, फ्रीजर येतात, आणि ते चालवणारा माणूस अकरा महिन्यांच्या करारावर. मला उलटा क्रम हवा आहे. आधी माणसं नेमा, सात वर्षांसाठी, प्रकल्पाशी न बांधता, पगारी कर्मचारी म्हणून, पीएफ आणि बाळंतपणाच्या रजेसह. शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि ही माणसं आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसतील अशी सोय करा. रुग्णाची संमती घेणारी समिती करा. यंत्रं त्यांनी मागितली की घ्या, त्याआधी नको.

सात वर्षांनी या सगळ्यांना प्राध्यापक करणार का, असं मला एका कुलसचिवांनी विचारलं होतं. कशाला करायचं? काहींना शिकवायचं नसतंच. पेशी वाढवण्यात, यंत्रावर नजर ठेवण्यात ज्यांचा जीव रमतो त्यांना तेच काम कायम करू द्यावं, पदाला नाव द्यावं, बढती द्यावी. आपल्या व्यवस्थेत वर जायला शिडी एकच, आणि तिच्या शेवटच्या पायरीवर जागा तीन. बाकीचे खाली उभे राहून म्हातारे होतात किंवा औषध कंपनीत जातात, तेही बरंच म्हणायचं. काही जण क्लास काढतात. माझ्या ओळखीत दोघं आहेत, नीटची तयारी करून घेतात, आयुष्यात पहिल्यांदा सुखात आहेत. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

दुसरा मुद्दा सार्वजनिक पैशांचा. ज्या संशोधनात सरकारचे कोटी गेले त्याचं औषध बाजारात येताना किमतीवर काही अट असावी, निदान सरकारी रुग्णालयांपुरती. यावर जाणकारांत मतभेद आहेत, कंपन्यांचा खर्चही खोटा नसतो. पण आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. त्यातले जे चार आणे हाती लागतात त्यांचा हिशेब मागायला संकोच कशाचा?

हिशेबच करायचा तर मांडवात नानांसमोर केला असता तसा करतो. दहा माणसं, प्रत्येकी महिना एक लाख, सात वर्षं. आठ कोटी चाळीस लाख. चाळीस लाखांच्या भावाने एकवीस रुग्णांच्या पिशव्यांचे पैसे. सिंहस्थाच्या कामांशी याची तुलना मी करणार नाही, नाशिकात राहायचं आहे. बाग लावली की पहिलं वर्ष खुंटाचं, दुसरं कलमाचं, मांडवाचा खर्च वेगळा, आणि घड तिसऱ्या वर्षी. तोवर नाना विचारत नाहीत की वेल शिकतेय का नोकरी करतेय. (पोरीच्या बाबतीत विचारतात, कारण वेलीला स्थळं येत नाहीत.)

त्या मुलीचा करार येत्या जूनमध्ये संपतो. तिने मला विचारलं, महाराष्ट्रात कुठे काही आहे का, शक्यतो नाशिकजवळ, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे. मी दोन जाहिराती शोधून पाठवल्या. एक सहा महिन्यांची, 'प्रकल्प वाढल्यास वाढेल' अशी. दुसरी अकरा महिन्यांची. मुलाखतीला स्वखर्चाने, मूळ कागदपत्रांसह, सकाळी दहाला हजर राहायचं. दोन्हींत शेवटची ओळ सारखीच होती: पद पूर्णतः तात्पुरते असून उमेदवारास कायम नियुक्तीचा कोणताही हक्क राहणार नाही.